नावं घेण्याआधी दार लावा

सभेत माइक हातात आला की तुम्ही पहिलं कोणाकडे बघता? खरं सांगा. पुढच्या सोफ्यावर बसलेल्या पाहुण्याकडेच ना? ज्याच्या गळ्यात हार पडायचाय, ज्याच्यासाठी बाटलीबंद पाणी आणून ठेवलंय, त्याच्याकडे. मागे भिंतीला टेकून बसलेल्या म्हातारीकडे बघून, 'आजी, सुरू करू का?' असं तुमच्यापैकी किती जणांनी विचारलंय? नसेल विचारलं तर रोझेल टॉलिव्हरची गोष्ट ऐका. ती दर वेळी विचारायची, आणि तरीही चुकली.

रोझेल अमेरिकेतल्या मेम्फिस शहरातली, ऑरेंज माउंड या काळ्यांच्या वस्तीतली. साठी ओलांडलेली बाई, पण खुर्चीशी तिचं जन्माचं वैर. तिच्या पुस्तकांच्या दुकानात घडीच्या खुर्च्यांचा ढीग आहे, चर्चने मोडीत काढलेल्या. त्या मांडायच्या रोझेलने, पुसायच्या रोझेलने, आवरायच्याही तिनेच. पण त्यातल्या एकीवरही तिला टेकलेली कोणी बघितलेली नाही. ती उभ्याने जेवते, उभ्याने भांडते, आणि फोन आला की शेल्फांच्या मधून अशा येरझाऱ्या घालते की पुस्तकं चाळायला आलेलं माणूस अंग चोरून उभं राहतं. अर्धं आयुष्य शहरबसच्या सीटवर काढलं, बसायचा वाटा तिथेच संपला, असं तिचं म्हणणं.

बस चालवायची तेव्हाची एक गोष्ट तिकडे अजून सांगतात. एका म्हाताऱ्याला पोलीस खाली उतरवायला लागला. म्हाताऱ्याचा गुन्हा एवढाच, की तो वर्दीवाल्याला 'सर' म्हणाला नाही. रोझेलने भर चौकात इंजिन बंद केलं, किल्ली काढून पोलक्यात टाकली आणि म्हणाली, हा बसला की बस चालेल, आणि किल्ली घ्यायची हिंमत असेल तर या. मागे गाड्यांची रांग लागली, भोंगे वाजले, वरून साहेब आला. म्हातारा परत बसला, बस सुटली, आणि रोझेलला महिनाभर घरी बसवलं. त्या महिन्यात तिने बापाच्या दुकानातली निम्मी पुस्तकं वाचून काढली. कॉलेज तिने पाहिलं ते बसच्या काचेतून, फाटकासमोर थांबा होता म्हणून. पण आपल्या लोकांचा इतिहास कोणी तिच्यासमोर चुकीचा सांगून बघावा, ती पुस्तक उघडून, पान काढून, त्याच्या नाकाखाली धरते.

दुकान तिच्या बापाचं, एमस टॉलिव्हरचं. काळ्या माणसांनी काळ्या माणसांविषयी लिहिलेली पुस्तकं शहरातली मोठी दुकानं ठेवत नसत त्या काळात त्याने ती गाडीच्या डिकीतून विकली, शनिवारी सलूनसमोर, रविवारी चर्चसमोर. मग सलूनच्या शेजारचाच गाळा मिळाला. म्हातारा गेला तेव्हा मागे दोन गोष्टी ठेवून गेला: दुकान, आणि महिन्याचा शेवटचा शनिवार.

शेवटच्या शनिवारी शेल्फं भिंतीला सरकतात. पोरं मोठ्याने वाचून दाखवतात, कोणी कविता म्हणतं, कोणी जेंबे हा आफ्रिकी ढोल वाजवतं, कोपऱ्यात एक नर्स रक्तदाब मोजते, शाळा बंद पाडायला निघालेल्यांचा खरपूस समाचार घेतला जातो, आणि शेवटी तळलेला कॅटफिश आणि स्पगेटी एकाच ताटात. पण त्याआधी दोन गोष्टी झाल्याच पाहिजेत, हा एमसने घालून दिलेला नियम. पहिली परवानगी. जो चालवणार त्याने पाण्याचा जग हातात घेऊन खोलीतल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या माणसाला विचारायचं, सुरू करू का. त्या माणसाने 'कर' म्हटल्याशिवाय एक अक्षर पुढे जायचं नाही. मग नावं. गेलेल्यांची. कोणीही नाव पुकारायचं, चालवणाऱ्याने खिडकीतल्या रबराच्या झाडाच्या कुंडीत पाण्याची धार सोडायची, आणि सगळ्यांनी म्हणायचं, 'आशे'. असंच होवो. त्या झाडाला इतक्या मेलेल्यांचं पाणी मिळालंय की ते छताला टेकून वाकलंय.

परवानगी द्यायची मदर लव्हिनियाने. ती चर्चची मदर, म्हणजे तिथली सगळ्यांत मानाची म्हातारी, सगळ्यांच्या आधी जन्मलेली, त्यात कोणाला शंका नव्हती. नावं पुकारली जात असताना कोणी कुजबुजलं तर ती काठी आपटून दम द्यायची. नाव घेतलं की माणूस येतं, म्हणायची, आणि कार्यक्रम संपेपर्यंत खोलीतच बसतं. तेव्हा नावं घेऊन झाल्यावर या खोलीत खोटं बोलू नका, शिवी देऊ नका, आणि ज्याच्यापासून लपवायचं ते त्याच्यासमोर बोलू नका. हे तिथे शेंबड्या पोरालाही पाठ आहे.

थंडीत मदर लव्हिनिया गेली. आणि तिच्यानंतर खोलीत सगळ्यांत मोठं कोण, याचा विचारच रोझेलने केला नाही. तिला कुठे उसंत. पुढच्याच शेवटच्या शनिवारी ती जग घेऊन उभी राहिली, नजर फिरवली, समोर चर्चचे कारभारी, डीकन होझिया ब्रूस्टर दिसले. त्र्याऐंशी वर्षांचे. त्यांच्या वाढदिवसाचा केक आदल्याच आठवड्यात याच दुकानात कापला होता. रोझेलने विचारलं, "डीकन, सुरू करू?"

डीकनने तोंड उघडलं, मिटलं, डावीकडे बघितलं आणि खाली मान घालून म्हणाले, कर.

डावीकडे मिस व्हर्डी मे पेटिग्रू बसल्या होत्या. चर्चच्या दारात पांढरे हातमोजे घालून लोकांना जागा दाखवणाऱ्या बायकांच्या त्या म्होरक्या. दर रविवारी वेगळा विग, ओठांना लाल रंग, पाठ सरळ. वय अठ्ठ्याहत्तर, असं त्या स्वतः सांगतात, आणि खातरजमा करायची कोणाची छाती नाही. त्या उठल्या. हातातला, अंत्यविधीवाल्यांनी जाहिरातीसाठी वाटलेला पुठ्ठ्याचा पंखा खुर्चीवर ठेवला आणि दाराकडे चालू लागल्या. त्यांच्यामागे हातमोज्यांची अख्खी रांग उठली. का, ते त्यांच्यातल्या निम्म्या बायकांनाही माहीत नव्हतं. मिस व्हर्डी उठल्या की उठायचं, एवढंच त्यांना ठाऊक. आणि त्या बायका गेल्या म्हणजे त्यांचे नवरे गेले, सुना गेल्या, नातवंडं गेली, आणि कॅटफिश तळणाऱ्या दोघी त्यांच्यातल्याच, त्याही गेल्या.

त्याच्या पुढच्या महिन्यात, शेवटच्या शनिवारी खुर्च्या रिकाम्या. जेंबेवाला रिकाम्या खुर्च्यांना वाजवून दाखवत होता.

रोझेलची भाची केटुरा, भावाची मुलगी, दुकानाचं सगळं नवं काम बघते. मुलगी हुशार, आणि आत्याला न घाबरणारी त्या घरातली ती एकटीच. तिने साफ सांगितलं की लोक येत नाहीत तिथे कार्यक्रम करण्यात अर्थ नाही. नदीकाठी शहरात एक मोठं सभागृह आहे, तिथला व्यवस्थापक शेवटचा शनिवार तिकडे भरवायला एका पायावर तयार आहे. गार हवा, मऊ खुर्च्या, दारावर तिकीट. रोझेल भडकली. तिकडे कोण येणार, म्हणाली, आपल्या गल्लीतला एक म्हातारा तरी दोन बस बदलून येईल का? तिकडे येतील ते आपल्याला बघायला येतील, आपल्यात बसायला नाही. केटुरा शांतपणे म्हणाली, "आत्या, इकडे तरी कोण बसलंय?"

कोंडीत सापडली की रोझेल शब्द देऊन बसते. म्हणाली, पुढच्या शेवटच्या शनिवारी हातमोज्यांची रांग परत आली नाही तर कार्यक्रम तुझ्या सभागृहात. त्याच दिवशी दुकानाचा वर्धापनदिन होता. केटुराने लगेच त्या व्यवस्थापकालाही बोलावून टाकलं, येऊन बघ म्हणून.

झालं. रोझेलचं डोकं फिरलं. बापाचा शनिवार तिच्या हातून जाणार होता, आणि का जाणार तेच तिला कळत नव्हतं. मिस व्हर्डींना झालं तरी काय? पहिला संशय तिने कवींवर घेतला. जवान पोरं, माइकवर चार कचकचीत शब्द टाकल्याशिवाय त्यांची कविता पुढे सरकत नाही. तिने एकेकाला दुकानाच्या मागच्या दारी नेऊन दम भरला. एकाने विचारलं, शिव्या काढल्यावर कवितेत काय राहील? रोझेल म्हणाली, तेच तर बघायचंय. मग तिला वाटलं जेंबेचा आवाज फार होतो. मग वाटलं पंखे कमी पडतात. मग वाटलं मागच्या वेळी पाउंड केक दुकानातला आणला होता, घरचा नव्हता. रोज एक नवं कारण. शेल्फं हलवली, परत हलवली. अन्न गोड लागेना. रात्री अंथरुणात पडल्यापडल्या पाय हलत राहायचे, जणू ब्रेक शोधतायत.

शेवटी सलूनमध्ये कळलं. सलूनच्या पुढच्या टेबलावर डीकन दुपारी डॉमिनो खेळतात. खेळतात म्हणजे सोबती पेंगत असतात आणि डीकन एकटेच सोंगट्या आपटतात. रोझेल तिथे कात्रीची धार लावणारा कोण ते विचारायला गेली होती आणि मिस व्हर्डींच्या नावाने तणतणायला लागली. म्हातारीला कुठे काय टोचलं देव जाणे, सांगत नाही, बोलत नाही, मी वाटेत दिसले तर विग ठीक करत पलीकडे जाते. डीकनने हातातली सोंगटी खाली ठेवली.

"रोझेल, परवानगी तू मला विचारायला नको होतीस."

का नको, तिने विचारलं. तुम्ही त्र्याऐंशीचे, त्या अठ्ठ्याहत्तरच्या.

डीकन हसू दाबत म्हणाले की ते पहिलीत होते तेव्हा शाळेच्या वाटेवर मोठा रस्ता लागायचा. गल्लीतल्या सगळ्या लहानग्यांना एक मोठी मुलगी हाताला धरून रस्ता ओलांडून द्यायची. उंच, पाठ सरळ, वह्या छातीशी. तिची शाळा संपत आली होती. "तिचं नाव व्हर्डी मे. आता तूच हिशोब कर."

रोझेलने बोटांवर हिशोब केला. मग तिला राग आला. मग त्याच वेळी बोलला का नाहीत, सगळ्यांसमोर 'कर' कशाला म्हणालात? डीकन म्हणाले, "पोरी, भर सभेत, माइकवर, एका बाईचं वय मी सांगू? माझ्या आईने मला तसं वाढवलेलं नाही. आणि तू तर तोंडासमोर जग धरून उभी होतीस."

मग त्यांनी खुर्ची पुढे ओढली, आवाज खाली आणला आणि दुसरी गोष्ट सांगितली. ती रोझेलने कोणाला सांगायची नाही, या बोलीवर. मिस व्हर्डींचा नवरा एल्रॉय, टायरच्या कारखान्यातला, वारून काही वर्षं झाली. लग्नाच्या वेळी व्हर्डी मेने त्याला आपलं वय त्याच्यापेक्षा वर्षाने कमी सांगितलं होतं. पुढे संसार वाढला तशी ती आणखी लहान होत गेली. कधी कधी सलग दोन वर्षं तिचा वाढदिवसच यायचा नाही. शेवटी एल्रॉयपेक्षा पाच वर्षांनी धाकटी होऊन थांबली. एल्रॉय गेला तो ती धाकटीच आहे असं समजून गेला, अशी तिची खात्री आहे.

"आणि?" रोझेलने विचारलं.

"आणि काय. एल्रॉय माझ्याच वर्गात होता. रस्ता ओलांडताना एका हाताला मी असायचो, दुसऱ्या हाताला तो. पुढे त्याची आई त्याला घेऊन आर्कान्सॉला गेली, तो परत आला तो मिशा घेऊन. तिने ओळखलं नाही. त्याने पहिल्या दिवशी ओळखलं." डीकनने सोंगटी परत उचलली. एल्रॉयने म्हणे त्यांना दम देऊन ठेवला होता, माझ्या बायकोला कळलं की मला कळलंय, तर तुझे दात तुझ्या हातात देईन. दात आता राहिले नाहीत, डीकन म्हणाले, पण शब्द आहे.

आता कारण कळलं होतं, आणि पेच वाढला होता. माफी मागायची तर कशाची? 'तुम्ही सगळ्यांत मोठ्या आहात हे मला माहीत नव्हतं', असं म्हणायचं म्हणजे वय तोंडावर फेकायचं. आणि न म्हणावं तर म्हातारीचा मान गेलेलाच राहणार. रोझेलसारखी बाई, जिने उभ्या जन्मात मनात काही ठेवलं नाही, तिच्या जिभेला आता दोन दोन गाठी.

तरी ती गेली. मिस व्हर्डी ओसरीवर वाटाण्यासारख्या हिरव्या शेंगा सोलत बसल्या होत्या, घरी असूनही विग घालून. बस म्हणाल्या. रोझेल कठड्याला टेकली. बराच वेळ हवा, गुडघे, पाद्र्याची नवी बायको, असं बोलणं झालं. मग रोझेलला राहवेना. शनिवारी येणार की नाही, तिने विचारलं.

"तुला माझं काय काम? डीकन आहेत ना परवानगीला."

"मग कोणाला विचारू, मिस व्हर्डी? तुम्हीच सांगा."

"मला काय विचारतेस. सगळ्यांत मोठं असेल त्याला."

"आणि तो कोण?"

"तू शोध. एवढं पुस्तकांचं दुकान आहे तुझं."

रोझेलच्या कपाळाची शीर उडाली. तिने कठडा घट्ट धरला. सगळं जिभेच्या टोकावर आलं होतं, शाळा, रस्ता, दोन्ही हातांची दोन पोरं. तिने ते गिळलं. हे तिला बसची किल्ली पोलक्यात टाकण्यापेक्षा जड गेलं. ती एवढंच म्हणाली की त्या खोलीत तुम्ही काहीही बोलू शकता, कोणी हसणार नाही.

मिस व्हर्डींनी शेंग मोडली. "तिथे एल्रॉय येतो," त्या म्हणाल्या. "दर वेळी मीच पुकारते त्याला. तो ऐकेल अशा ठिकाणी मी काहीही बोलू शकत नाही." आणि त्या परत हवेवर आल्या.

रोझेल घरी आली, दुकानात गेली, परत घरी आली. एकच वाक्य डोक्यात घुमत होतं. तिथे एल्रॉय येतो. दर वेळी मीच पुकारते. पाण्याचा जग नळाखाली धरून ती उभी होती आणि जग भरून वाहायला लागला, तेव्हा तिला कळलं.

शनिवार आला. रोझेलने सकाळपासून खुर्च्या तीनदा मांडल्या. हातमोज्यांची रांग येईल की नाही हे कोणालाच माहीत नव्हतं. खरं तर रोझेलने मिस व्हर्डींच्या ओसरीवरून निघताना फक्त एवढंच म्हटलं होतं, मी वाट बघीन. सलूनवाले आले, कवी आले, नर्स आली. सभागृहाचे मिस्टर फेन्विक आले, पांढऱ्या केसांचे, गोरे, साधे गृहस्थ, हातात घरून आणलेल्या बिस्किटांचा डबा. आणि मग दार उघडलं, मिस व्हर्डी आल्या. नवा विग, तांबूस. मागोमाग सगळ्या पांढऱ्या हातमोजेवाल्या. त्या बसल्या त्या दाराजवळच, पाय बाहेर, पर्स मांडीवर. म्हणजे बसायला आल्या नव्हत्या, बघायला आल्या होत्या.

केटुरा कानाशी येऊन म्हणाली, आत्या, परवानगी वगैरे आज सोडून दे, सरळ गाण्याने सुरू कर, लोक आलेत ते तरी राहतील. रोझेलने तिच्याकडे असं बघितलं की ती मागे सरली.

जग घेऊन रोझेल झाडापाशी गेली. आणि तिने डीकनकडे बघितलं नाही, कोणाकडेच बघितलं नाही.

"या खोलीत जे कोणी सगळ्यांत वडील असेल," ती म्हणाली, "त्यांची मी परवानगी मागते. कोण ते मला माहीत नाही. माझ्याकडून एकदा चूक झालीय, आता मी अंदाज करणार नाही. मी थांबते." मग साधंच काही सांगावं तसं म्हणाली, "अजून एकाचंही नाव पुकारलेलं नाही. आत्ता खोलीत फक्त जिवंत माणसं आहेत."

आणि ती थांबली. ज्या बाईला सिग्नलला उभं राहणं जमायचं नाही, ती थांबली. पंखे हलायचे थांबले. सगळ्यांच्या माना डीकनकडे वळल्या. डीकन आपल्या बुटाच्या टोकाकडे बघत होते, जणू तिथे बायबल उघडलंय. मागे तेलात मासे करपायला लागल्याचा वास आला, तळणारी हलली नाही. रोझेलने जग दोन्ही हातांनी धरला. तिला ओरडावंसं वाटत होतं, जग आपटावासा वाटत होता, निघून जावंसं वाटत होतं. तिने दात आवळून धरले.

तेव्हा मिस्टर फेन्विक उभे राहिले. बिचाऱ्याला वाटलं, कार्यक्रम अडलाय, मदत करावी. "मी सत्याहत्तरचा आहे," ते म्हणाले. "काही उपयोग होत असेल तर."

खोलीत कोणी तरी नाकातून हसलं. मग दुसरं. केटुराने तोंडावर हात दाबला. आणि दाराजवळून आवाज आला.

"बस खाली, पोरा."

मिस व्हर्डी उभ्या होत्या. फेन्विक बसले, असे बसले की डबा पडला.

"रोझेल," मिस व्हर्डी म्हणाल्या, "एल्रॉयला अजून बोलावलेलं नाही ना?"

"नाही मॅडम. कोणालाच नाही."

"शपथेवर?"

"बापाच्या दुकानाची."

"दार लावा," त्या म्हणाल्या. दाराजवळच्या बाईने दार लावलं. मिस व्हर्डींनी तरी एकदा वळून काचेतून बाहेर बघितलं, फुटपाथवर कोणी ताटकळत नाही ना ते. मग पर्स खुर्चीवर ठेवली, पाठ होती त्याहून सरळ केली.

"ब्याण्णव," त्या म्हणाल्या.

त्यांच्याच रांगेतली सिस्टर क्लॉडीन, त्यांची शेजारीण, जिने त्यांच्या पंचाहत्तरीचा केक केला होता, ती हिशोब लावत बोटं मोजायला लागली आणि मध्येच थांबली. कोणी टाळी वाजवायला हात उचलले, मिस व्हर्डींनी नजरेनेच खाली बसवले.

"वाजवू नका, बाहेर ऐकू जाईल. मी सांगितलं, तुम्ही ऐकलं, संपलं. नावं सुरू झाल्यावर कोणी हा आकडा काढला तर त्याला चर्चमध्ये खांबाच्या मागची जागा देईन, जन्मभर." आणि मग आवाज एकदम वेगळा, मदर लव्हिनियासारखा, "कर, पोरी. सुरू कर."

रोझेलने पाणी सोडलं. पहिलं नाव तिने मदर लव्हिनियाचं घेतलं, मग बापाचं. आशे, खोली म्हणाली. कोणी मुलाचं नाव घेतलं, कोणी बहिणीचं, कोणी सफाईवाल्यांच्या संपात बापाबरोबर चाललेल्या शेजाऱ्याचं. आणि मग मिस व्हर्डींनी पुकारलं, ओसरीवरून जेवायला हाक मारावी तसं, "एल्रॉय पेटिग्रू."

आशे. सगळ्यांत मोठा आवाज डीकनचा होता. रोझेलने त्यांच्याकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं; बघितलं असतं तर तिला हसू आलं असतं किंवा रडू, काय ते तिलाही सांगता आलं नसतं. पाणी कुंडीबाहेर बरंच सांडलं.

त्या दिवशी मासे काळे झाले होते, तरी सगळे संपले. खुर्च्या कमी पडल्या, त्या सलूनमधून आणायला केटुरा स्वतः गेली, आणि सभागृहाचा विषय तिने परत काढला नाही. फेन्विकसाहेब ताट घेऊन मिस व्हर्डींच्या शेजारी बसले आणि त्यांना बिस्किटं देत राहिले. कोणी तरी रोझेलच्या मागे खुर्ची सरकवली, मिस व्हर्डी म्हणाल्या, बस आता. ती बसली. पण टेकते न टेकते तोच मागच्या खोलीत काही पडल्याचा आवाज झाला आणि ती परत उठली.

शेवटचा शनिवार अजून तिथेच भरतो. परवानगी मिस व्हर्डी देतात, वय कोणी विचारत नाही, आणि विचारलंच तर अठ्ठ्याहत्तर.

म्हणून तुम्हाला एक सांगणं आहे. कधी मेम्फिसला गेलात, ऑरेंज माउंडमध्ये सलूनशेजारच्या त्या दुकानात शिरलात, तर पुस्तक घ्या, मासे खा, आपल्या गेलेल्या माणसाचं नाव पुकारायचं असेल तर जरूर पुकारा. फक्त एल्रॉयला सगळं ठाऊक होतं, हे मिस व्हर्डींना कळू देऊ नका. आणि हा कागद त्या खोलीत मोठ्याने वाचू नका.